पेशी की नुसतं पाणी

देवीचा अनुभव लिहून द्या, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मी टाळत आले. कारण त्यांना जो अनुभव हवा आहे तो गोड आहे, आणि माझा तसा नाही. माझ्या अनुभवात राग फार आहे. माणसांवरचा आहे, दैवावरचा आहे आणि जिच्यापुढे उभ्या आयुष्यात मान वर केली नाही त्या देवीवरचाही आहे. तो गाळून लिहायला गेले तर मागे काही उरणार नाही. म्हणून आहे तसंच लिहिते.

मी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वाडीत राहते. रस्त्याला लागूनच आमची खानावळ आहे. तांदळाची भाकरी, पिठलं, सुकट, सांगून ठेवलं तर कोंबडीचा रस्सा. महाबळेश्वरला जाणारे-येणारे थांबतात, जेवतात, जातात. खानावळीमागे घर आणि घराच्या वर, पायऱ्या चढून गेलं की काळकाईचं देऊळ. लग्न होऊन आले तेव्हापासून मंगळवारची ओटी आणि सणाचा नैवेद्य माझ्याकडे. सासूबाईंनी हातात दिलेलं काम होतं ते, आणि मी ते कधी ओझं मानलं नाही. काळकाई उग्र आहे, तिच्याशी जपून वागावं, असं सगळे म्हणत. मला मात्र ती घरातल्या मोठ्या बाईसारखी वाटायची. चूल पेटत नसली तरी मी तिलाच ऐकवायची.

ते सगळं त्या शिमग्यापर्यंत.

पालखीचा दिवस होता. पहाटेपासून मी चुलीपुढे होते. पुरणाचा डबा, भाताचं पातेलं, वर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचं जेवण. भाकरी थापताना डाव्या खांद्यात कळ आली. वाटलं, रोजचाच हात, दमला असेल. मग ती कळ जबड्यात चढली, अंगाला दरदरून घाम सुटला आणि पोटात असं काही ढवळून आलं की मी तशीच पाटावरून बाजूला कलंडले. बायका धावल्या. कोणी म्हणालं उपासाचं पित्त. कोणी म्हणालं धुराने झालं. लिंबू-साखरेचं पाणी झालं, पाठ चोळून झाली. मी म्हणत होते, "मला गाडीत घाला." मी हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हटलं. मला ते नीट आठवतं, कारण नंतर सगळे म्हणाले की मी काही बोललेच नव्हते.

तेवढ्यात कोणाच्या तरी तोंडून निघालं की हे साधं दुखणं नाही, पालखीच्या दिवशीच कसं आलं, देवीचं काहीतरी राहिलंय. झालं. माझे धाकटे दीर देवीची पूजा करतात. त्यांनी ठरवलं की आधी कौल लावायचा. मला खुर्चीत बसवून वर देवळात नेलं. देवीच्या अंगाला ओली फुलं चिकटवली आणि भावोजींनी विचारलं, "आई, ही गावातच बरी व्हनार असंल तर उजवा दे." आमचे हे, माझे यजमान, बाजूला हात जोडून उभे होते. सगळे फूल पडायची वाट पाहत होते, आणि माझ्या छातीवर जातं ठेवल्यासारखं वजन होतं. उजव्या बाजूचं फूल पडलं. लोकांनी जयजयकार केला. भावोजी वळून म्हणाले, "वयनी, काय होनार नाय तुला. आयेनं सांगितलं."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं मी तिला न्हाऊ घातलं होतं. मला मरताना बघून तिने उजवा दिला होता.

मी वाचले ते एका चिडलेल्या माणसामुळे. पालखीच्या गर्दीने रस्ता अडला होता आणि वरून घाटातून आलेला स्ट्रॉबेरीचा टेम्पो त्यात अडकून पडला होता. भर उन्हात माल खराब होत होता. त्याचा ड्रायव्हर भांडायला म्हणून पायऱ्या चढून वर आला, रस्ता मोकळा करा म्हणून ओरडायला लागला, आणि ओरडता ओरडता त्याची नजर माझ्यावर पडली. तो वाईकडचा असावा, बोलण्यावरून. "आवं, बाईचा रंग बगा की! काळीनिळी पडलीया! फुलं कसली टाकताय?" कोणीतरी त्याला गप्प करायला गेलं. त्याने त्याला शिवी घातली. देवळात, पालखीच्या दिवशी. "माझा बाप असाच गेला, पित्त पित्त करत. उचला तिला!" आणि कोणी उचलायच्या आधी त्यानेच खुर्चीचा एक पाय धरला. मग आमचे हे हलले.

त्या टेम्पोत, पुढच्या सीटवर मला ह्यांच्या मांडीवर कलती झोपवून, त्याने महाडपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. मागच्या खोक्यांतून स्ट्रॉबेरीचा आंबटगोड वास येत होता. रस्त्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याला तो शिव्या देत होता. दवाखान्याच्या दारात मला स्ट्रेचरवर घातलं आणि तो निघून गेला. नाव कोणी विचारलं नाही. पुढे पुष्कळ चौकशी केली, घाटातून उतरणाऱ्या कितीतरी टेम्पोवाल्यांना विचारलं, तो पुन्हा भेटला नाही. लोक म्हणतात देवीनेच पाठवला. मी ह्यावर वाद घालत नाही. एवढंच सांगते, की पाठवला असेल तर तिने फार शिवराळ माणूस निवडला, आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे. गोड बोलणारे तर तिथे पुष्कळ होते.

महाडला ईसीजीची पट्टी काढली आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला. हार्ट अटॅक, आणि तोही बराच वेळ चाललेला. इंजेक्शन देऊन ॲम्ब्युलन्सने मुंबईला मोठ्या सरकारी रुग्णालयात. तिथे हातातून तार घालून बंद नस उघडली, स्टेंट बसवला. जीव वाचला. पण तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी ह्यांना जे सांगितलं ते मी पडल्या पडल्या ऐकलं. नस उघडली आहे, पण हृदयाच्या पुढच्या भागाला फार वेळ रक्त मिळालं नाही. तेवढं मांस मेलं. पंपिंग निम्म्याहून खाली आलंय. "थोडं लवकर आणलं असतं तर..."  आमचे हे भिंतीकडे बघत उभे राहिले.

घरी आले ती दुसरीच बाई होऊन. पाणी भरलेली कळशी उचलायची नाही, चुलीपुढे बसायचं नाही, चार भाकऱ्या थापल्या की श्वास लागायचा. आडवी झाले की गुदमरायचं, म्हणून उशा लावून बसूनच झोपायचं. पायावर सूज. खानावळ आमच्या सुनेने ओढली. आणि मी ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ऐकायची, की देवीने कशी वाचवली, उजवा कौल कसा खरा ठरला. भावोजी अंगारा घेऊन आले. मी त्यांच्या हातावर फटका मारला. अंगारा ओटीभर उडाला. सून घाबरली. भावोजी निघून गेले. त्या दिवसापासून मी देवळाची पायरी चढले नाही. पायऱ्या चढायची ताकदही नव्हती, पण असती तरी चढले नसते. घरातल्या देव्हाऱ्यात तिच्या टाकाला मी पाठ करून बसायची. सून दिवा लावायची तेव्हा मी बाहेर जायची.

राग माणसाला जगवतो का मारतो, मला माहीत नाही. मला तेव्हा तोच एक आधार होता.

मुंबईला तपासणीला गेले तेव्हा तिथली एक तरुण डॉक्टरीण माझ्याजवळ बसली. तिने सांगितलं की ते एक नवीन उपचार करून बघताहेत. माणसाच्या हाडाच्या आत जो मगज असतो त्यात अशा पेशी असतात, ज्यांतून नवं रक्त घडतं. कमरेच्या हाडातून त्या काढायच्या, प्रयोगशाळेत निवडून घ्यायच्या आणि त्याच माणसाच्या हृदयात, जिथे मांस मेलंय तिथल्या नसेत सोडायच्या. दुसऱ्या कोणाचं काही नाही, सगळं स्वतःचं. त्याने हृदय सावरतं का, हे बघायचं होतं. "पण एक गोष्ट आधीच सांगते," ती म्हणाली. "हाडातून मगज सगळ्यांचाच काढणार. हृदयात मात्र निम्म्यांना पेशी मिळतील आणि निम्म्यांना नुसतं साधं सलाईनचं पाणी. कोणाला काय मिळालं ते तुम्हाला कळणार नाही. मलाही कळणार नाही. ते संगणक ठरवतो."

"म्हणजे चिठ्ठ्याच टाकणार," मी म्हटलं.

"हो. तसंच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एका कौलाने माझं हृदय खाल्लं होतं आणि आता हे शिकलेले लोक दुसरा लावत होते. मी तिला ताडकन विचारलं, "मग तुम्हाला काय वाटतं, गुण येईल?"

ती पोरगी जराही अडखळली नाही. "आम्हाला माहीत नाही. माहीत असतं तर सगळ्यांनाच दिलं असतं. माहीत करून घ्यायचंय म्हणूनच हे चाललंय."

 दुखणं आल्यापासून मला भेटलेल्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं. पित्त आहे हे माहीत होतं, धूर लागला हे माहीत होतं, देवीने काय सांगितलं हे माहीत होतं. माहीत नाही म्हणणारं हे पहिलंच माणूस. तेवढ्यासाठी मी हो म्हटलं. तिने मला दोन वेळा समजावलं, घरी जाऊन विचार करा म्हणाली, नाही म्हटलं तरी तुमची औषधं चालूच राहतील म्हणाली. मी हो वरच राहिले.

उपचारासाठी मला दाखल केलं त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर, त्याच उपचाराला हो म्हणून आलेल्या गायकवाड बाई होत्या. महाडच्या, चवदार तळ्याजवळ राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनाही अटॅक येऊन गेला होता आणि त्यांनाही कोणीतरी पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं होतं. एक आमच्याकडचं माणूस भेटलं म्हणून मी जरा मोकळी झाले, आणि कौलाची सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं बाई हळहळतील. त्यांनी चष्मा पुसला.

"ओली फुलं होती, ती पडली," त्या म्हणाल्या. "त्यात तुमच्या देवीचा काय दोष? दोष विचारणाऱ्यांचा. दगडाला विचारायचं काय कारण होतं, बाहेर रस्ता होता ना?"

मला इतका राग आला की मी कूस बदलून झोपले. माझ्या देवीला मी वाटेल ते बोलेन. ह्यांनी दगड का म्हणावं? आणि तिला निर्दोष ठरवणाऱ्या ह्या कोण? त्या बौद्ध, त्यांचा देवीशी संबंध नाही, आणि माझ्या भांडणात त्या देवीच्या बाजूने बोलत होत्या. संध्याकाळी त्यांनीच माझ्यासमोर डबा सरकवला. "रागावलात ना? रागवा. पण जेवून."

मगज काढायच्या दिवशी आधी मला नेलं. कुशीवर झोपवून कमरेच्या मागे सुन्न केलं. सुई गेली ते कळलं नाही, पण हाडात दाब देऊन जेव्हा आतून ओढायला लागले तेव्हा जी कळ मांडीतून पायापर्यंत गेली ती बाळंतपणाच्या जवळपासची होती. आत कोणीतरी मुळासकट काही उपटतंय असं वाटलं. पिशवीत गडद लाल रक्तासारखं काही जमा होत होतं. मी मनात म्हटलं, हे माझं आहे. एवढी वर्षं ह्या हाडांवर मी पाणी वाहिलं, जळण वाहिलं, काळकाईची पालखी दारात आली की वाकून नमस्कार केला. आता ह्यातलं मला परत मिळणार की नाही हे एक यंत्र ठरवणार. आणि कित्येक आठवड्यांनी माझ्या तोंडून तिचं नाव आलं. प्रार्थना म्हणून नाही. "बघते आहेस ना?" असं, दात खाऊन.

काही तासांनी मनगटातून तार घालून आत काय ते सोडलं. पेशी की पाणी. तार आत असताना फुगा फुगवला तेव्हा छातीत तीच जुनी कळ क्षणभर आली आणि मी किंचाळले. मग सगळं शांत. बाईंचंही त्याच दिवशी झालं. आम्ही दोघी हात पट्टीत बांधून शेजारी शेजारी पडलो होतो. बाई म्हणाल्या, "माझ्या हातून वर्गात कितीदा चिठ्ठ्या टाकून झाल्या असतील. मुलांना कसं वाटायचं ते आज कळलं."

घरी आल्यावर सकाळी फोन यायला लागला. महाडहून बाई. "चाललात का?" एवढंच. नाही म्हटलं की, "चला. मी पण चालतेय, फोन चालू ठेवा." पहिल्यांदा मी खानावळीपासून रस्त्याकडेच्या पिंपरणीच्या झाडापर्यंत जाऊन धापा टाकत बसायची. बाई तिकडून धापा टाकत. मग आम्ही दोघी फोन कानाला लावून एकमेकींचा श्वास ऐकत बसायचो. बोलण्यात कधी प्रेम नव्हतं. मीठ कमी केलं का, गोळ्या चुकवल्या का, लोणचं खाल्लं असेल तर खरं सांगा, अशी उलटतपासणी. आमच्या ह्यांना त्यांनी एकदा फोनवरच झापलं, भात वाढताना पापड का वाढला म्हणून. हे माणूस आयुष्यात बायकोचं ऐकून घेणारं नाही. पण गायकवाड बाईंचा फोन आला की उभे राहून बोलायचे.

पावसाळा गेला. भात कापून झालं. मी पिंपरणीच्या पुढे, वळणापर्यंत जायला लागले. सूज उतरली. सहा महिन्यांच्या तपासणीला आम्ही दोघी एकदमच गेलो, आणि तिथे कळलं की माझं पंपिंग चांगलंच वर आलंय, आणि बाईंचं होतं तिथेच आहे. डॉक्टरीण माझ्याकडे बघून हसली, बाईंकडे बघताना तिचं हसू मावळलं. परतीच्या एसटीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. माझ्या मनात एकच आलं: मला पेशी मिळाल्या, त्यांना पाणी. मला सकाळी उठून हाका मारणाऱ्या, चालवणाऱ्या बाईला पाणी. हा कसला न्याय? मी पुन्हा देवीवरच उखडले. मला देऊन तू माझी समजूत काढतेस? आणि हिला का नाही? ही तुला मानत नाही म्हणून?

गावात मात्र जत्राच भरली. वयनी चालायला लागली, डॉक्टरसुद्धा थक्क झाले, उजवा कौल होता म्हणून. पोलादपूरपर्यंत ही कथा गेली. अनोळखी बायका खानावळीत येऊन माझ्या पाया पडून गेल्या. उत्सव मंडळाचे लोक आले, ह्या शिमग्याला माईकवर अनुभव सांगा म्हणून. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. आतून मात्र मी जळत होते.

थंडी सरता सरता मुंबईहून फोन आला. अभ्यास संपला होता, आम्ही दोघी शेवटच्या तुकडीतल्या, आणि ज्यांना जाणून घ्यायचंय त्यांना आता काय मिळालं ते सांगणार होते. आम्ही दोघी गेलो. त्याच डॉक्टरणीने आम्हाला एका खोलीत बसवलं. आधी माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्हाला साधं पाणी होतं." मग बाईंकडे वळून, "आणि बाई, तुम्हाला पेशी."

मला वाटलं तिच्याकडून अदलाबदल झाली. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. मग माझं पंपिंग कशाने वाढलं, ह्यावर तिने सांगितलं की रक्त न मिळालेलं सगळंच मांस मेलेलं नसतं. काही नुसतं बधिर होऊन पडतं आणि पुढे आपसूक जागं होतं. औषधांनी मदत होते, चालण्याने होते. कोणाचं जागं होतं, कोणाचं नाही. आणि दोन्हीकडच्या लोकांत मिळून बघितलं तर डोळ्यांत भरेल असा फरक त्यांना दिसला नव्हता. ते तसंच लिहिणार होते. "का, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. 

बाहेरच्या बाकावर बसल्यावर गायकवाड बाई हसायला लागल्या. खो खो, श्वास लागेपर्यंत. मला रडू फुटलं होतं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही हसता काय? माझं हाड फोडलं, ते फुकट. तुमच्यात पेशी घातल्या, त्याही फुकट. तुम्हाला राग येत नाही?"

"येतो ना," त्या म्हणाल्या, डोळे पुसत. "त्या पित्ताच्या गोळीवाल्याचा येतो. तुमच्या दिराचा येतो. ह्या पोरीचा कसा येईल? तिने आपल्याला फसवलं नाही. आपल्या पुढच्याला उपयोग होईल." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही चालताय ह्याचा मला आनंद होतो. खरंच होतो. तेवढं रडणं बंद करा, लोक बघताहेत."

घरी परत आले. दुपारी, सगळे जेवून पडलेले असताना, मी तरातरा देवळात गेले. दार ढकललं आणि तिच्यासमोर उभी राहून जे तोंडाला येईल ते बोलले. तू कोण आहेस? तू फूल पाडलंस का ते आपोआप पडलं? तू मला वाचवलंस का मारलंस? बाईंनी तुझं काय घोडं मारलं होतं? माझ्यात काही घातलं नाही तरी मी बरी होते आणि त्यांच्यात सगळं घालूनही त्या होत्या तिथेच राहतात, हे तुला पटतं का? मी ओरडत होते. गाभाऱ्यात माझाच आवाज घुमून परत येत होता. फूल पडलं नाही, घंटा हलली नाही, काही झालं नाही. तिचे ते मोठे डोळे जसे नेहमी असतात तसेच होते. ओरडून ओरडून मी खाली बसले. आणि बसल्यावर ध्यानात आलं की मी पायऱ्या चढून आले होते. सगळ्या पायऱ्या, एका दमात, रागाच्या भरात, कुठे टेकले नव्हते. श्वास लागला नव्हता.

 कोणाच्या कृपेने, हे मी तिला विचारलं नाही. पहिल्यांदाच असं झालं की मला उत्तर नको होतं. बाई म्हणाल्या होत्या ते खरं होतं. दोष विचारणाऱ्यांचा होता, आणि आता मीही त्यांच्यासारखीच तिला खोदून खोदून विचारत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, राग तसाच होता, पण त्याचं तोंड आता तिच्याकडे नव्हतं.

आवाज ऐकून भावोजी वर आले होते. ते दारात उभे होते, आत येत नव्हते. मी त्यांना म्हटलं, "भावोजी, मी मरत होते तेव्हा तुम्ही फुलं लावलीत."

ते उंबऱ्यावरच बसले. "घाबरलो होतो गो वयनी," ते म्हणाले. "तुजा चेहरा बघून काय करायचं समजंना. म्हनून आयेला विचारलं. मला दुसरं येतंय काय?" मग त्यांनी तोंड झाकून घेतलं. साठीचं माणूस लहान पोरासारखं रडलं. मी त्यांना माफ केलं असं म्हणणार नाही. पण त्यांच्या भीतीचा चेहरा मला त्या दिवशी दिसला, आणि त्यानंतर त्यांच्या हातचं पाणी प्यायला मी नाही म्हटलं नाही.

त्या शिमग्याला मी माईक घेतला. आमचे हे बाजूला उभे राहिले, कोणी मध्ये बोललं तर बघून घेतो म्हणाले. मी गावाला सांगितलं की माझ्या हृदयात पाणी घातलं होतं, पेशी नाही. मी कशी बरी झाले हे डॉक्टरांना माहीत नाही, मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही. पण मी आजारी कशाने राहिले ते मला चांगलं माहीत आहे. छातीत, खांद्यात, जबड्यात दुखलं, घाम सुटला, दुखणारी बाई असली तरी, पित्त म्हणायचं नाही, कौल लावायचा नाही, गाडीत घालायचं. देवीला नंतर विचारा, ती कुठे जात नाही. गर्दीत कुजबुज झाली. एक म्हातारा उठून गेला. मग भावोजींनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "ह्यापुढं आजारी मानसाचा कौल मी लावनार नाय." एवढंच बोलून त्यांनी पालखी उचलायला सांगितलं.

आता मी खानावळीत पुन्हा भाकऱ्या थापते, सगळ्या नाही, जमतील तेवढ्या. मंगळवारी ओटी भरते. बाईंचं हृदय तसंच आहे. औषधांवर त्या आहेत, हळू आहेत, पण आहेत. यंदाच्या थंडीत त्यांना बरं वाटत होतं म्हणून आम्ही दोघी रिक्षा करून महाडजवळच्या सव गावच्या गरम झऱ्यांवर गेलो. अंघोळ करायची नाही, कढत पाण्यात बसायचं नाही, असं आम्हाला बजावलेलं. म्हणून काठावर बसून, कडेच्या कोमट पाण्यात नुसते पाय सोडले. धुकं होतं. बाईंनी साडी गुडघ्यापर्यंत घेतली होती आणि चष्म्यावर वाफ धरली होती.

त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या त्या देवीकडे माझ्यासाठी काही मागत जाऊ नका हं."

"मी मागायचं सोडलंय," मी म्हटलं. "कोणासाठीच मागत नाही. तिला फक्त तुमचं नाव सांगते."

 बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "नाव सांगायला हरकत नाही," त्या म्हणाल्या.

मी डोळे मिटले आणि सांगितलं.